चाळीसपैकी अडतीस गुणांची बाग

३ ऑगस्ट, रविवार

नोएलीनच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आज तेवीस दिवस झाले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती दिवसातून चार वेळा वॉकर घेऊन ओसरीपर्यंत जाते. उरलेला वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उंच खुर्चीत बसून असते. चहा गार होतो तरी तिला पत्ता नसतो.

बाहेर एवढं बघण्यासारखं काय आहे म्हणून आज मी तिच्या मागे उभा राहिलो. आमचं मागचं कुंपण, त्यावर माजलेली घाणेरी, आणि तिच्यात टुणटुण उड्या मारणारे चार-पाच इवलेसे पक्षी. निळे रेन. नर निळा झगझगीत, माद्या मातकट, सगळ्यांच्या शेपट्या ताठ उभ्या. मी म्हटलं, लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण तुला पक्षी आवडतात हे तू कधी बोलली नाहीस.

"तू या खिडकीशी कधी उभा राहिला नाहीस," ती म्हणाली.

खरं आहे. ती खिडकी भांडी घासायच्या जागेवर आहे.

दुपारभर विचार केला. चार पक्षी पाहून तिला एवढं बरं वाटतं, तर चाळीस पाहून किती वाटेल? पेंडल बे नगरपालिकेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस 'माजलेले भूखंड व उपद्रवी तण' विभागात. पक्ष्यांसाठी बाग करायला माझ्याइतका लायक माणूस या गावात दुसरा नसावा.

९ ऑगस्ट, शनिवार

देशी झाडं मंडळाच्या सभेला गेलो. अध्यक्ष ग्वेनडा फिप्स, बाई हुशार आहेत. चहाबरोबर दिलेली बिस्किटंसुद्धा देशी बियांची होती. अजून दाताखाली आहेत.

मंडळाची 'पक्षीस्नेही बाग' अशी योजना आहे. चाळीस गुणांचा फॉर्म. पस्तीस मिळाले तर फाटकावर लावायला पितळी फलक. देशी फुलझाडांना गुण, पाण्याच्या थाळीला गुण, देशी गवताला गुण. परदेशी तण असेल तर गुण वजा. फॉर्म तीनदा वाचला, आखणी उत्तम आहे. पक्षी किती आले याला मात्र एकही गुण नाही. मी विचारलं, तर ग्वेनडा म्हणाल्या की पक्षी हलतात, त्यामुळे मोजणीत अचूकपणा राहत नाही. पटलं.

घाणेरी म्हणजे थेट वजा बारा. आपल्या देशातली ती नव्हेच, कुणीतरी शोभेसाठी आणली आणि आता डोंगरच्या डोंगर गिळते आहे. मी नोकरीत असताना तिच्याविरुद्ध सहाशेहून जास्त नोटिसा काढल्या, आणि ती माझ्याच कुंपणावर बसून राहिली. लाज वाटली.

१६ ऑगस्ट, शनिवार

नोएलीनला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तिची बहीण बेरिल बेगाहून आली होती, ती तिला तपासणीला घेऊन गेली. तेवढ्यात मी यंत्र भाड्याने आणून मागचं सगळं कुंपण साफ केलं. एक काडी ठेवली नाही.

दोघी परतल्या तेव्हा नोएलीन वॉकरला धरून मागच्या दारात उभी राहिली. बराच वेळ. 

"सगळं?" तिने विचारलं.

"मुळासकट," मी म्हटलं.

मग ती जाऊन पडली. इस्पितळाच्या फेरीने माणूस दमतो.

संध्याकाळी पलीकडून स्टोयांकाने मान वर काढली. नवरा पोलाद कारखान्यात होता, त्याच्याबरोबर ती मॅसिडोनियातून इथे आली त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. नवरा गेला, कोंबड्या गेल्या, आता एकटीच असते. मला नावाने हाक मारत नाही, 'शेजारी' म्हणते. "शेजारी," ती म्हणाली, "तू घर पाडलंस." मी तिला समजावून सांगितलं की घर शाबूत आहे, कुंपणही शाबूत आहे, फक्त झाड काढलंय. तिची भाषा अजून कच्चीच आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

लावणी झाली. अकरा ग्रेव्हिलिया, तीन बॉटलब्रश, दोन बॅंक्सिया. रोपं लहान घेतली नाहीत, छातीएवढी, फुलांवर आलेलीच घेतली. ग्रेव्हिलियाची फुलं मोठ्या लाल-केशरी कंगव्यांसारखी, मधाने ओथंबलेली. मंडळाच्या यादीत तिला पाच तारे आहेत.

नोएलीनने एका कुंडीवरची चिठ्ठी वाचली. ती म्हणाली, ही जात तर क्वीन्सलंडच्या रोपवाटिकेत तयार केलेली आहे.

"म्हणजे देशीच," मी म्हटलं.

"हजार किलोमीटरवरची देशी."

काही माणसांना आकडा दिसला की शंका सुचते. तिचा स्वभाव नव्हता असा. भूल दिल्याचा परिणाम काही महिने राहतो असं वाचलंय.

चांगली गोष्ट म्हणजे ती आता खिडकीशी बसत नाही. तिने हालचाल करावी असं डॉक्टरांना हवंच होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

वॉकर सुटला, काठी आली. रोज सकाळी न चुकता ती काठी टेकत स्टोयांकाकडे जाते, दीड-दीड तास थांबते, आणि परतते तेव्हा गाल लाल झालेले असतात. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला मी फोनवर हे कळवलं. तीही खूश झाली.

माझी दुर्बीण सापडत नव्हती. घोड्यांच्या शर्यतींना जायचो तेव्हाची. नोएलीनला विचारलं, तर म्हणाली माझ्या पिशवीत असेल. होती. लोकरीच्या गुंड्यांखाली. हिचं विसरणं वाढलंय हे डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

बागेत अजून पक्षी नाहीत. झाडांना रुळायला वेळ लागतो.

५ ऑक्टोबर, रविवार

पक्षी आले. अकरा. राखी अंग, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळा डाग. सकाळी साडेपाचपासून असा कलकलाट की रेडिओवरच्या बातम्या ऐकू येईनात. ग्रेव्हिलियाच्या फुलांवर तुटून पडतात, आणि दुसरा कुणी आला की सगळे मिळून त्याच्या मागे लागतात. तारेवर बसलेल्या कुकाबरालासुद्धा त्यांनी पळवून लावलं, तो त्यांच्या चौपट होता. माझी टोपी उडवली.

मी लगेच ओळखलं. हिंदुस्थानी साळुंकी. परदेशी, आक्रमक, जिथे जाईल तिथे दुसऱ्याच्या घरात घुसणारी. सापळ्याचे नियम वाचून काढले आणि ग्वेनडांना फोन केला. त्या तासाभरात आल्या, फाटकातूनच पाहिलं.

"साळुंकी नव्हे ही," त्या म्हणाल्या. "मायनर. दिसायला सारखी असते, पण आपली आहे. अस्सल देशी. अभिनंदन, मिस्टर टॅप."

सापळा लावला असता तर दंड मला झाला असता, कायद्याने तिला संरक्षण आहे. त्या गेल्यावर मी पुन्हा नीट निरखून पाहिलं. साळुंकीपेक्षा खरंच वेगळी दिसते. चेहऱ्यात एक प्रामाणिकपणा आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मायनर सव्वीस झाले. दुसरा एकही पक्षी नाही. निळे रेन तर ऑगस्टपासून नाहीतच. त्यांच्यासाठी एवढं केलं आणि ते फिरकत नाहीत, याचं मनाला लागलं. कुठे चुकलो ते शोधायला दिवसभर कागद घेऊन बसलो.

संध्याकाळी उलगडा झाला. स्टोयांकाच्या मागच्या अंगणात घाणेरी आहे, ब्लॅकबेरीचं काटेरी जाळं आहे, मोडका खुराडा आहे, आणि या सगळ्याला धरून एक अंजीर उभं आहे. असल्या घाणीशेजारी कुठला स्वाभिमानी पक्षी येईल? फॉर्ममध्येही आहेच: वीस मीटरच्या आत तण असल्यास वजा तीन.

नगरपालिकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. नाव दिलं नाही, शेजारधर्म सांभाळावा लागतो. कुणाबद्दल आकस म्हणून हे केलेलं नाही. नियम सगळ्यांना सारखे असावेत, इतकंच. नोएलीनला सांगितलं नाही. तिला उगाच काळजी नको.

तक्रार लिहिताना बऱ्याच दिवसांनी हाताला जुनी लय सापडली. झोप छान लागली.

८ नोव्हेंबर, शनिवार

अडतीस गुण. चाळीसपैकी अडतीस.

ग्वेनडा दोन सदस्यांना घेऊन तपासणीला आल्या. त्यांना पूर्ण वेळ छत्री उघडी धरून फिरावं लागलं, कारण मायनर डोक्यावर झेप घेत होते. दोन गुण पाण्याच्या नळीच्या रंगामुळे गेले. शेजारच्या तणाचे वजा तीन त्यांनी धरले नाहीत, कारण 'कार्यवाही सुरू आहे' असं मी सांगितलं. कुणी सुरू केली ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

पितळी फलक फाटकावर बसला. त्यावर निळ्या रेनचं चित्र आहे. फोटो काढला तेव्हा नोएलीन नव्हती, पलीकडे गेली होती. हाक मारली, पण मायनरांपुढे माझा आवाज पोचला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी स्टोयांका नोटीस घेऊन आली. मी ओसरीवर होतो, नोएलीन आत झोपली होती. स्टोयांका म्हणाली, मला हे अक्षर वाचवत नाही, तू तिथे नोकरीला होतास, तू वाचून दाखव.

मी वाचायला लागलो. अठ्ठ्याण्णव साली मीच हा मसुदा बांधला होता, अजून तोच चालू आहे, एक स्वल्पविराम बदललेला नाही. खाली तक्रारीतला उतारा जोडलेला होता, तोही वाचला. सदर भूखंडावर अनिर्बंध वाढ. उपद्रवी जातींचा सुळसुळाट. परिसराच्या लौकिकास बाधा. अठ्ठावीस दिवसांत साफ न केल्यास नगरपालिका माणसं पाठवील आणि खर्च मालकाकडून वसूल करील.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "हळू."

पुन्हा वाचलं. तिने विचारलं, आता काय करायचं. मी म्हटलं, नियमाप्रमाणे साफ करायला हवं. ती एकोणऐंशी वर्षांची आहे, गुडघे धरून उठली, नोटिशीची घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली. जाताना म्हणाली की छान वाचतोस.

४ डिसेंबर, गुरुवार

नोएलीन सकाळी माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "चल," म्हणाली. मी वर्तमानपत्र खाली ठेवेपर्यंत ती फाटकाबाहेर पोचलीसुद्धा होती.

स्टोयांकाच्या मागच्या अंगणात, अंजिराखाली, दोन मोडक्या खुर्च्या घाणेरीकडे तोंड करून मांडलेल्या होत्या. फांदीला माझी दुर्बीण टांगलेली. नोएलीनने मला तिच्या खुर्चीत बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. मी झाडांची नावं सांगायला लागलो, तिने काठीने माझ्या बुटाला टोचलं.

सात-आठ मिनिटं काही झालं नाही. मग घाणेरीच्या पोटातून निळा नर निघाला, चोचीत हिरवी अळी. गुडघ्याएवढ्या उंचीवर गवताचा एक चेंडू होता, मला तो कचरा वाटला होता. त्याच्या भोकातून तीन चोची उघडल्या. आणखी एक मातकट मादी आली, तीही अळी घेऊन. खाली पाचोळ्यात कुणी खरवडत होतं, वर अंजिरात डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले हिरवे पक्षी होते. काट्यांच्या जाळीवर एक मायनर येऊन बसला, आत शिरता येईना म्हणून निघून गेला.

नोएलीन हळू आवाजात बोलत होती. हे आपल्याच कुंपणातले. तू यंत्र लावलंस त्या दिवशी उडाले ते इथे आले. मी दुसऱ्या दिवशी स्टोयांकाच्या दारात येऊन रडले, तेव्हा तिने ही खुर्ची काढून दिली. या पिल्लांना उडायला बारा दिवस लागतील, पण त्यानंतरही दीड महिना त्यांना दडायला जागा लागते. अठ्ठावीस दिवसांत हे कापलं तर पुढे जागाच नाही. गल्लीतलं हे शेवटचं आहे.

मग तिने विचारलं, "हे कुणी केलं असेल, मर्व्ह?"

मी म्हटलं, चौकशी करतो.

असं मी म्हटलं. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

१० डिसेंबर, बुधवार

पाच दिवस गेले धीर गोळा करण्यात. आज नगरपालिकेत गेलो. माझ्या खुर्चीवर आता टॅमसिन क्रो बसते. मी सोडून गेलो तेव्हा ती नवीन होती, नोटिसांना तारीख-शिक्का मारायची. मी सांगितलं की स्टोयांकाबाईंच्या भूखंडाबद्दलची तक्रार रद्द व्हायला हवी.

"तक्रार मागे घेता येत नाही, मिस्टर टॅप," ती म्हणाली. "कलम सात."

कलम सात कशाबद्दल होतं ते मला आठवेना. तिने वाचून दाखवलं. शेजारी-शेजारी अंगणात मांस भाजत एकत्र बसतात, दिलजमाई होते आणि तक्रारी मागे घेतल्या जातात. त्याने विभागाच्या शिस्तीस तडा जातो. सबब एकदा आलेली तक्रार कायम समजावी. खाली माझी सही.

टॅमसिन हसली नाही. ते तिचे उपकार. तिने सांगितलं की एकच वाट आहे. तक्रारदाराने स्वतःच्या नावाने लिहून द्यायचं की तक्रार चुकीची होती आणि का होती. ते नोंदीला लागतं, संकेतस्थळावर सगळ्या गावाला दिसतं. मग नोटीस पुनर्विचारासाठी थांबते. "पण तक्रारदार निनावी आहे," ती म्हणाली. "तो कोण हे आम्हाला ठाऊक नाही."

तिने टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं. मग मी तिच्याकडून कोरा कागद मागून घेतला.

चार ओळी लिहायला पाऊण तास लागला. 'सदर' हा शब्द तीनदा खोडला.

११ डिसेंबर, गुरुवार

गावाने वाचायच्या आत स्टोयांकाला सांगावं म्हणून सकाळीच गेलो. ती घेवड्याच्या शेंगा निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, कसं.

"'सदर भूखंडावर अनिर्बंध वाढ'. या गल्लीत असं कोण बोलतं? बाकीचे म्हणतात, स्टोयांका, तुझ्याकडे जंगल झालंय."

तिला इंग्रजी वाचता येत नाही ही माझीच समजूत होती. नवऱ्याच्या पेन्शनसाठी ती कारखान्याशी सहा वर्षं पत्रव्यवहार करून जिंकली होती, हे तिने आज सांगितलं. मग नोटीस माझ्याकडे वाचायला का आणलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुझ्या तोंडून ऐकायची होती. दोनदा.

"नोएलीनला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. ते तुझं काम आहे." आणि शेंगांचं भांडं घेऊन आत गेली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नोएलीन भांडी घासत होती. मी सांगितलं. तिने नळ बंद केला आणि हात पुसले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आपली घाणेरी काढलीस तेव्हा मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून केलंस, हे मला कळत होतं. हे कुणाला बरं वाटावं म्हणून केलंस?"

तीन गुणांसाठी, असं माझ्या तोंडून निघेना. तिने बेरिलला फोन लावला.

२७ डिसेंबर, शनिवार

ती बेगाला जाऊन चौदा दिवस झाले. नाताळला डब्यातलं हॅम खाल्लं. उकाडा, रातकिडे, आणि मायनर. आता चौतीस आहेत.

भांडी घासायला रोज त्या खिडकीशी उभं राहावं लागतं. अकरा ग्रेव्हिलिया ओळीने उभ्या, सारख्या अंतरावर, मीच फूटपट्टीने मोजलेल्या. पाच ताऱ्यांच्या. मधाशिवाय त्यांच्यात काही नाही. आत शिरायला जागा नाही, दडायला काटा नाही, खालची जमीन मी झाडून लख्ख केलेली, तिच्यात एक किडा नाही. पेटीतून काढलेल्या मिठाईसारखी बाग आहे. दांडगे येऊन खातात आणि राखतात.

आज प्रथमच वाटलं, मला पक्ष्यांचं काहीच कळत नाही. लिहून ठेवतोय, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

टॅमसिन पाहणीला आली होती, निकाल पाठवला. स्टोयांकाची घाणेरी काढावीच लागेल, ते तण आहेच, त्यात तडजोड नाही. पण एकदम नाही. दर वर्षी एक तृतीयांश, तेही एप्रिलनंतर, विणीचा हंगाम संपल्यावर. आणि कापण्याआधी शेजारी दाट देशी झुडूप लावलेलं असलं पाहिजे. स्टोयांकाकडे नवी लावणी करायला जागा नाही. कुंपणाच्या या बाजूला आहे. माझ्या.

टॅमसिनने यादी दिली. बर्सारिया, हेकिया. एकीला काटे, दुसरीची पानंच सुयांसारखी. फुलं अगदीच बारीक, लांबून दिसतसुद्धा नाहीत. दोन्ही इथल्याच डोंगरातली, मंडळाच्या यादीत शेवटच्या पानावर, तारा नाही. हात रक्तबंबाळ करतात म्हणून लोक लावत नाहीत. रोपं वीतभर मिळाली. दाट व्हायला तीन वर्षं.

ग्रेव्हिलिया, बॉटलब्रश, बॅंक्सिया, सगळं उपटायला दोन दिवस लागले. स्टोयांका कुंपणापलीकडून बघत होती. एकदा म्हणाली, खड्डा खोल घे. एकदा म्हणाली, पाणी कमी. मदत म्हणून तेवढंच.

२० जानेवारी, मंगळवार

माझा कबुलीजबाब संकेतस्थळावर लागला आणि त्याच संध्याकाळी ग्वेनडा आल्या. फेरतपासणी केली. फुलझाडं नाहीत, शेजारी तण असून तक्रारदारानेच ते राखण्याची विनंती केलेली, जमिनीवर पाचोळा आणि वाळक्या फांद्यांचे ढीग मुद्दाम ठेवलेले. चाळीसपैकी नऊ.

मी त्यांना सांगितलं की पिल्लं उडाली, सात जण आहेत कुटुंबात, पाचोळ्यातले किडे टिपायला दोनदा माझ्या बाजूला येऊन गेले. त्या म्हणाल्या, ते ठीक आहे, पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. फलक मी स्वतःच काढून दिला. पोच घेतली.

मायनर बहुतेक त्यांच्याच बागेत गेलेत, असं कळतं. त्यांना चाळीसपैकी चाळीस आहेत.

नोएलीनला पत्र लिहिलं. आधी मुद्दे क्रमांक घालून लिहिले, ते फाडलं, साधं लिहिलं. काय काय लावलं, कुठे, आणि ते किती कुरूप दिसतं ते.

१ फेब्रुवारी, रविवार

ती आली. परवा दुपारी. मी बसथांब्यावर गेलो नव्हतो, कारण तिने कोणती बस ते कळवलं नव्हतं. काठीशिवाय चालत आली. बॅग दारात ठेवून आधी मागे गेली, वाकून एकेक रोप पाहिलं, एका काट्याने बोट टोचून घेतलं.

"फार जवळजवळ लावलीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, दाट व्हायला हवीत ना.

तिने मान हलवली. रात्रीचं जेवण तिने केलं नाही, मीही केलं नाही, अंडी उकडून खाल्ली. अजून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. सकाळी पलीकडे जाताना म्हणाली नाही की चल.

८ मार्च, रविवार

स्टोयांकाकडे आज मिरच्या भाजायचा दिवस. वर्षभराची चटणी ती एकाच दिवशी करते. लाल, हाताएवढ्या मिरच्यांच्या तीन गोण्या, नवऱ्याने कारखान्यातून आणलेल्या पत्र्याच्या अर्ध्या पिंपावर जाळ. गल्लीभर वास. सकाळी साडेनऊला कुंपणावरून हाक आली: "शेजारी, हात आहेत का मोकळे?"

गेलो. अंजिराखाली आज तीन खुर्च्या होत्या. दोन घाणेरीकडे तोंड करून. तिसरी उलटी, घराच्या भिंतीकडे तोंड करून, समोर जळक्या मिरच्यांची परात. ती माझी. मी खुर्ची फिरवायला लागलो, तर स्टोयांकाने चिमटा दाखवला. ती म्हणाली, तू बघायला लागलास की ते घाबरतात. तुझं बघणं तपासणीसारखं असतं. तू सोल.

नोएलीनच्या ओठाचा कोपरा हलला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मी सोलत बसलो. काळी साल निघते, खाली लालभडक गर, नखं जळजळतात. पाठीमागे त्या दोघी हळू आवाजात मला सांगत होत्या. नर आलाय. नाही, हे यंदाचं पिल्लू आहे, अजून शेपटीच निळी झालीय. आता कुंपणावर. आता तुझ्या बाजूला गेला, बर्सारियाखाली. दोन माद्या आत गेल्या. परत आल्या. मला भिंत दिसत होती आणि परात. अर्धी परात झाली असेल.

मग एकदम दोघी गप्प झाल्या.

"मर्व्ह," नोएलीन अगदी हळू म्हणाली, "हलू नकोस."

माझ्या उजव्या बुटावर काहीतरी टेकलं, किंवा टेकलं नसेल. इतकं हलकं की खात्री देता येणार नाही. मी खाली पाहिलं नाही. हातातली मिरची अर्धी सोललेली होती, ती तशीच धरून बसलो, बोटं चरचरत होती. किती वेळ, ते मोजलं नाही.